फिल्टर साफ केला तरी गाडी पुन्हा धूर का टाकते? लष्करी गाड्यांच्या एअर क्लीनरची क्रमवार तपासणी

डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराने मोडीत काढून विकलेल्या गाड्यांतून, घेतलेली जीप असो, जोंगा असो, जिप्सी असो की स्टॅलियनसारखा ट्रक, तक्रार ठरलेली असते. फिल्टर साफ केला, चार दिवस गाडी छान ओढली, आता परत तेच. मग फिल्टर पुन्हा निघतो, पंक्चरवाल्याकडे त्याला हवा मारली जाते आणि पंधरवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अशा गाडीत नुसता घाण फिल्टर हा मूळ दोष क्वचितच असतो. तो खालच्या रबरी व्हॉल्व्हमध्ये, ऑईलच्या पातळीत, एखाद्या ढिल्या क्लॅम्पमध्ये किंवा खुद्द साफ करायच्या पद्धतीत दडलेला असतो. म्हणून फिल्टर उघडण्याआधी खालची लक्षणं वाचा.

लक्षणं

पहिला प्रकार चोक होण्याचा. चढावर गाडी दम टाकते, वरच्या गिअरात पिकअप मिळत नाही, भार आला की काळा धूर, अ‍ॅव्हरेज पडलेलं, पेट्रोल गाडी असेल तर प्लग काजळलेले. एअर क्लीनरवर (ज्या डब्यात फिल्टर बसतो त्यावर) फिल्टर चोक झाल्याचं दाखवणारा इंडिकेटर असेल तर त्यात लाल पट्टी दिसते.

दुसरा प्रकार गळतीचा, आणि हाच खरा घातकी. इथे गाडी मस्त ओढते, धूर नाही, इंडिकेटर महिनोन्‌महिने हिरवा. मात्र इंजिन ऑईल खायला लागतं, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) वाफा येतात आणि पुढे निळसर धूर सुरू होतो. फिल्टरला वळसा घालून धूळ आत जात असते. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा इंडिकेटर कधीच लाल होत नसेल तर खूश होऊ नका. चोक झालेला फिल्टर गाडीची ताकद कमी करतो, गळका फिल्टर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लाइनर खातो.

तिसरा प्रकार फक्त ऑईल बाथवाल्या गाड्यांत, म्हणजे जिथे हवा ऑईलच्या वाटीवरून गाळली जाते. साफसफाई करून गाडी चालू केली आणि लगेच निळा-पांढरा धूर. याचं कारण जवळजवळ नेहमी वाटीत जास्त भरलेलं ऑईल.

धूळ किती असते याचा अंदाज

जुन्या विलीज आणि महिंद्रा जीपचं पेट्रोल इंजिन सुमारे २.२ लिटरचं. ते २००० आरपीएमवर तासाला साधारण १०० घनमीटर हवा ओढतं. ताफ्यात पुढची गाडी दिसेनाशी होईल इतका फुफाटा उडाला की एका घनमीटर हवेत जवळपास एक ग्रॅम धूळ असते. म्हणजे तासाला शंभरेक ग्रॅम, चहाचा कप निम्मा भरेल एवढी माती. त्यातली चिमूटभर रोज आत गेली तरी इंजिनाचं आयुष्य झपाट्याने घटतं.

धुळीचा बारीकपणा त्याहून महत्त्वाचा. २००१ साली ब्रिटिश सैन्याने ओमानमध्ये मोठा युद्धसराव केला, तेव्हा त्यांच्या चॅलेंजर २ रणगाड्यांचे एअर फिल्टर काही वेळा जेमतेम चार तासांत बाद होत होते. तिथली धूळ पिठासारखी बारीक होती आणि रणगाडे तशा वाळवंटासाठी सज्ज केलेले नव्हते. नदीकाठची भरड वाळू वाटीत पडून राहते. काळ्या रानातल्या गाडीवाटेवरचा उन्हाळी फुफाटा थेट कागदाच्या घड्यांत जाऊन बसतो. त्यामुळे 'इतक्या किलोमीटरला साफ करा' हा नियम लष्करी वापराला लागू पडत नाही. इंडिकेटर आणि डोळे, यांवरच चालावं.

१. खालचा रबरी व्हॉल्व्ह (खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं)

कागदी एलिमेंटच्या (डब्यातल्या घड्यांच्या गाळणीच्या) बहुतेक डिझेल ट्रकांत एलिमेंटच्या आधी हवा गरगर फिरवली जाते. जड धूळ भिंतीला लागून खाली घसरते आणि तळाच्या रबरी व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. हे चक्र ठीक असेल तर बरीचशी धूळ कागदापर्यंत पोचतच नाही. साफ केलेला फिल्टर आठवड्यात पुन्हा भरला, तर पहिला संशय इथेच घ्या.

इंजिन बंद करून व्हॉल्व्हचे ओठ बोटांनी दाबा. भुरभुर धूळ पडली तर ठीक. चिखलाचा गोळा बसला असेल तर धूळ बाहेर जायला वाट नाही, ती साठते आणि एलिमेंटवर चढते. रबर कडक होऊन ओठ उघडेच राहिले असतील तर उलटाच प्रकार होतो: खालून हवा आत ओढली जाते आणि जमिनीजवळचा फुफाटा फुकटात मिळतो. काही जण 'सारखा घाण होतो' म्हणून हा व्हॉल्व्ह काढून टाकतात किंवा तिथे चिंधी कोंबतात. रबराचा भाग स्वस्त आहे, नवा घाला.

आता व्हॉल्व्हचं तोंड कुठे आहे ते बघा. साफसफाईनंतर झाकण फिरून बसलं की व्हॉल्व्ह बाजूला किंवा वर जातो आणि धूळ खाली पडायची थांबते. झाकणावर बहुधा बाण किंवा 'वर' अशी खूण असते. आडव्या क्लीनरात व्हॉल्व्ह सरळ जमिनीकडे हवा.

रणगाड्यातही तत्त्व हेच, फक्त धूळ काढायची युक्ती वेगळी. टी-७२मध्ये सायक्लोनमध्ये (हवा गरगर फिरवणाऱ्या भागात) जमलेली धूळ एक्झॉस्टच्या झोताने बाहेर खेचली जाते आणि त्यानंतर हवा ऑईल लावलेल्या तारेच्या जाळीच्या कॅसेटमधून जाते. धूळ बाहेर नेणारी वाट चोंदली की कॅसेट कितीही धुतल्या तरी लवकर भरतात.

२. हवेची वाट आणि इंडिकेटर

डिस्पोजलच्या गाड्या यार्डात वर्षानुवर्षं उभ्या असतात. इनटेकच्या तोंडात गांधीलमाशीचं पोळं, उंदरांनी नेलेला कापूस, वाळलेली पानं सर्रास सापडतात. टॉर्च मारून बघा. रबरी होज आतून फुगून किंवा अस्तर सुटून बंद झालेला असू शकतो. बाहेरून तो धडधाकट दिसतो, पण रेस दिली की आत चेपतो. कुणाला तरी रेस द्यायला सांगून होजवर नजर ठेवा. हात मात्र पंख्यापासून लांब.

इंडिकेटरचं बटण दाबून तो रीसेट करा. तो खरा की खोटा हे कळायला काढून त्याच्या नळीला तोंडाने ओढा: लाल पट्टी वर यायला हवी आणि तिथेच अडकायला हवी. बहुतेक डिझेल गाड्यांचे इंडिकेटर २० ते २५ इंच पाण्याइतकी ओढ (पाणी नळीत तेवढं वर खेचेल इतका जोर) झाली की लाल होतात. त्याआधी फिल्टर काढायचं कारण नाही. कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच गाळणीचं काम करतो, त्यामुळे थोडा वापरलेला एलिमेंट नव्याहून चांगला गाळतो. शिवाय झाकण उघडलं की प्रत्येक वेळी थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडतेच. 'रविवार आला की फिल्टर झटकायचा' ही शिस्त दिसायला छान आहे, इंजिनाला महाग पडते.

३. ऑईल बाथ: जीप, जोंगा आणि जुने ट्रक

यात हवा खाली येते, ऑईलच्या पृष्ठभागावर एकदम वळते आणि वरच्या जाळीत जाते. वळताना जड धूळ ऑईलमध्ये पडते. हवेबरोबर उडालेले ऑईलचे थेंब जाळी ओली ठेवतात आणि जाळीत अडकलेली माती परत वाटीत धुऊन आणतात. सगळा खेळ पातळीवर आहे. ऑईल कमी असेल तर जाळी कोरडी पडते आणि धूळ सरळ पार होते. जास्त असेल तर हवेची फट अरुंद होते आणि ऑईल इंजिनात ओढलं जातं.

गाडी सपाट जागी उभी करा आणि इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबा. जाळीतलं ऑईल खाली उतरल्याशिवाय पातळी खरी दिसत नाही. नेमकं इथेच चुकतं: लगेच वाटी काढली, ऑईल कमी दिसलं, वरून ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी धूर.

वाटी आडवी न करता उतरवा. एक काडी तळापर्यंत घालून गाळाची जाडी मोजा. एक सेंटिमीटरच्या आसपास गाळ असेल किंवा ऑईल काकवीसारखं घट्ट झालं असेल तर सगळं काढा. ऑईलची पातळी वाढलेली दिसली आणि रंग दुधाळ असेल, तर ओढा ओलांडताना किंवा गाडी धुताना पाणी शिरलं आहे. पाणी तळाशी बसतं आणि ऑईल वर तरंगतं, म्हणून नुसती पातळी बघून फसायला होतं.

वाटी रॉकेलने धुऊन पुसा. जाळी रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून हलवा, निथळत ठेवा आणि ठिबकणं पूर्ण थांबेपर्यंत बसवू नका. पेट्रोलने धुऊ नका. आगीची भीती आहेच, शिवाय जाळीत उरलेलं पेट्रोल वाफ होऊन इंजिनात जातं. मधली नळी चिंधीने पुसा. वाटीच्या कडेचं पॅकिंग चपटं किंवा कडक झालं असेल तर बदला. मग इंजिनात घालता तेच नवं ऑईल वाटीवरच्या रेघेपर्यंत भरा. रेघेच्या वर एक बोटही नको. इंजिनातून काढलेलं काळं ऑईल इथे वापरायची गॅरेजांतली सवय वाईट: त्यात काजळी आधीच असते आणि बरेचदा डिझेल मिसळलेलं असतं. लेहसारख्या थंडीत जाड ऑईल वर उडतच नाही, तिथे पातळ ग्रेड लागतो.

डिझेल गाडीत जास्तीच्या ऑईलचा धोका नुसत्या धुरापुरता नाही. ओढलेलं ऑईलच इंधन म्हणून जळायला लागलं की इंजिन आपोआप रेस घेतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. अशा वेळी इनटेकच्या तोंडावर सपाट फळी दाबून हवा तोडायची. हात किंवा चिंधी लावायची नाही, दोन्ही आत ओढले जातात. फळी हाताशी नसेल तर इंजिनापासून लांब व्हा.

४. कागदी एलिमेंट साफ करणं

आधी बाहेरून क्लीनरचा डबा पुसून घ्या. एलिमेंट हिसका देऊन ओढू नका. थोडा हलवून सील सोडवा आणि सरळ बाहेर काढा, नाहीतर बाहेरची सगळी धूळ मधल्या नळीत सांडते. काढल्याबरोबर इंजिनाकडे जाणारं तोंड स्वच्छ कापडाने बंद करा आणि मगच डबा ओलसर फडक्याने आतून पुसा. डब्यात हवा मारायची नाही. शेवटी ते कापड काढायला विसरू नका.

टायरवर किंवा बंपरवर एलिमेंट आपटला की धूळ पडते खरी, पण पत्र्याची कड वाकते आणि सील बसत नाही. तळहाताने हलकं थापटा. हवा मारायची असेल तर ३० पीएसआयच्या वर जायचं नाही, दिशा आतून बाहेर, आणि नोझल कागदापासून किमान दोन बोटं लांब ठेवून घड्यांच्या लांबीने फिरवायचं. ट्रकांच्या टायरवाल्याकडे कॉम्प्रेसर १०० पीएसआयच्या पुढे असतो. त्या झोताने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. दिसायला एलिमेंट कोरा करकरीत, हवा मोकळी जाते, गाडी सुसाट पळते, आणि महिनाभराने ऑईल खायला लागते. रेग्युलेटर नसेल तर हवा मारूच नका. मास्क आणि चष्मा लावा, ही धूळ सिलिकाची असते.

साफ झाल्यावर अंधाऱ्या खोलीत आत बल्ब सोडा आणि बाहेरून एकेक घडी बघत फिरवा. सगळीकडून मंद उजेड यायला हवा. एक जरी टोकदार ठिपका चमकला तरी एलिमेंट बाद. चिकटपट्टी, फेव्हिक्विक, एमसील असलं काही चालत नाही. दोन्ही टोकांची रबरी कडी बोटाने दाबून बघा: दाब सोडल्यावर ती परत वर यायला हवी. कागदाला ऑईल किंवा ग्रीस लावायचं नाही, ते जाळीच्या फिल्टरचं काम.

पाण्याने धुणं फक्त धुण्यायोग्य म्हणून लिहिलेल्या एलिमेंटचं आणि तेही धुरकट, तेलकट काजळी बसली असेल तरच. कोमट पाणी, फेस न होणारा साबण, पंधरा मिनिटं भिजत ठेवणं, मग आतून बाहेर हळू धार. सावलीत एक ते दोन दिवस पूर्ण वाळू द्या. ओल्या कागदावर हवा मारली तर तो फाटतो आणि ओला बसवला तर दबतो. दुसरा एलिमेंट हाताशी नसेल तर धुवायला घेऊच नका.

प्रत्येक साफसफाईला पत्र्यावर मार्करने एक ठिपका मारा. पाचव्या ठिपक्यानंतर नवा घ्यावा. आत दुसरा छोटा, सेफ्टी एलिमेंट असेल तर त्याला हवा मारायची नाही, धुवायचा नाही. तो नुसता बदलायचा असतो, मुख्य एलिमेंट तीन वेळा बदलला की एकदा. सेफ्टी एलिमेंटवर धूळ दिसली तर मुख्य एलिमेंट फाटला आहे किंवा त्याचं सील बसत नाही असं समजा.

५. फिल्टरनंतरची गळती

विलीजच्या ठेवणीच्या जीपमध्ये क्लीनर एका बाजूला आणि कार्ब्युरेटर दुसरीकडे, मध्ये पाईप आणि रबरी होज. त्या होजचे क्लॅम्प ढिले, होज टाचेजवळ चिरलेला, असं वारंवार दिसतं. फिल्टरच्या पुढे लागलेल्या गळतीतून येणारी हवा अजिबात गाळलेली नसते.

होज काढून स्वच्छ बाजूला पांढरं फडकं बोटाला गुंडाळून फिरवा. कोरडी, खरखरीत रेघ आली तर गळती आहे. नक्की कुठून ते शोधायला जोडाच्या पुढे पाईपच्या आत ग्रीसचा पातळ थर द्या, धुळीत तासभर गाडी चालवा आणि उघडा. ग्रीस जिथे रेताड झालं त्याच्या मागचा जोड चोर. तपासल्यावर ग्रीस पूर्ण पुसून काढा. ऑईल भरायच्या टोपीची रबर आणि डिपस्टिकची बैठकही बघून घ्या, क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या, ऑईलच्या भागात) धूळ तिथूनही शिरते. वायरचे क्लॅम्प टाकून पत्र्याच्या पट्टीचे स्क्रूवाले क्लॅम्प लावा. सीलंटचा थापा हा उपाय नव्हे: त्याचे तुकडे सुटून आत जातात.

६. नवा एलिमेंट घालून बघणं

इथवर सगळं ठीक असेल तर चांगल्या कंपनीचा, मूळ नंबरचा एलिमेंट घाला. उंची दोन मिलिमीटरने कमी असलेला बाजारू एलिमेंट बसतो, झाकणही लागतं, पण सील दबत नाही. रबरावर चारी बाजूंनी सारखा वळ उठला आहे का, हे एकदा लावून, काढून बघा.

फिल्टर काढून गाडी चालवून बघायची पद्धत मात्र सोडा. टर्बो असलेल्या गाडीत तर नाहीच: एखादा नट किंवा खडा गेला की टर्बोचं पातं गेलं.

नव्या एलिमेंटनेही काळा धूर कायम असेल तर दोष बहुधा एअर क्लीनरमध्ये नाही. पेट्रोल गाडीत कार्ब्युरेटरचा अडकलेला चोक किंवा फ्लोट, डिझेलमध्ये इंजेक्टर आणि पंपाचं टायमिंग. ती कामं मिस्त्रीची.

इथे थांबा

इंजिनात पाणी गेल्याची शंका असेल तर स्टार्टर मारू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन स्वतःहून रेस घेऊन एकदा जरी गेलं असेल तर पुन्हा चालू करण्याआधी खोलून बघावं लागतं. टर्बोच्या पात्याची कड झिजलेली किंवा शाफ्ट डुलताना दिसला, ब्रीदरमधून जोरात धूर येतो, डिपस्टिकवरचं ऑईल दोन बोटांत खरखरीत लागतं, अशा गाडीला फिल्टर बदलून काही होणार नाही. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. ऑईलचा नमुना प्रयोगशाळेत देता आला तर त्यात सिलिकॉन आणि लोखंड दोन्ही वाढलेलं असणं म्हणजे धूळ आत गेल्याची खूण.

चिलखती गाडीतला एनबीसी (अण्वस्त्र, जैविक आणि रासायनिक हल्ल्यापासून बचावाचा) फिल्टर हा इंजिनाचा एअर फिल्टर नाही. तो माणसांच्या श्वासासाठी असतो. तो उघडायचा, झटकायचा, हवा मारायचा नाही. त्यातल्या जुन्या प्रकारच्या कोळशात क्रोमियमची विषारी संयुगं असतात. आणि सेवेत असलेल्या गाडीवर ड्रायव्हरने फर्स्ट परेडच्या (गाडी काढण्याआधीच्या रोजच्या) तपासणीपलीकडे हात घालू नये, पुढचं काम ईएमई (लष्कराच्या दुरुस्ती विभागाच्या) वर्कशॉपचं.

मिस्त्रीकडे जाताना जुना एलिमेंट फेकू नका, सोबत न्या. किती ठिपके पडलेत, सील कुठे दबलेलं नाही, आतल्या बाजूला धूळ आहे का, हे बघून चांगला मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधीच अर्धं निदान करतो. ऑईल किती किलोमीटरला किती टॉपअप करावं लागतं, तो आकडाही लिहून न्या.